ताटाच्या कडेचे कवठ



संपादक माउलींचा फोन आला. म्हणाले, "महाराज, कीर्तन थांबले, चिंतन तर थांबले नसेल ना? काहीतरी लिहून पाठवा." हो म्हणालो आणि पंधरा दिवस कोरा कागद पुढे घेऊन बसलो. पन्नास वर्षे बोलण्याची सवय. बोलताना समोर टाळकरी असतात, मागे मृदंग असतो, अडलो तर विठ्ठल विठ्ठल म्हणून वेळ मारून नेता येते. कागदापुढे ती सोय नाही. शेवटी रोज जिथे जाऊन बसतो त्याच्याविषयीच लिहावे असे ठरवले. आमच्या परसात कवठाचे एक झाड आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे; फळ मात्र आंबट आहे.

महाशिवरात्रीच्या बाजारात कवठ सगळ्यांनी पाहिलेले असते, झाड फार थोड्यांनी. पांढुरके, खरबरीत, लाकडासारख्या कवचाचे फळ. आत तपकिरी, चिकट गर आणि त्यात बिया. झाड बेलाच्या आणि लिंबाच्या भाऊबंदकीतले, काटेरी, पाने बारीक. चुरगाळली तर बडीशेपेसारखा वास येतो. गणपतीच्या प्रसिद्ध ध्यानश्लोकात कपित्थ आणि जांभूळ या दोन फळांची नावे आहेत, त्यातले कपित्थ म्हणजे हेच. पिकलेले कवठ नुसते खाणारेही आहेत, पण आमच्या झाडाचे फळ असे की गुळाची संगत लागल्याशिवाय त्याला तोंडात जागा मिळत नाही.

हे झाड आले आंभोऱ्याहून. वैनगंगेच्या संगमावरचे ते क्षेत्र आहे नागपूर जिल्ह्यात, पण पाण्याच्या अलीकडे आम्ही भंडारावाले. मुकुंदराजांनी विवेकसिंधू तिथेच रचला अशी विदर्भातल्या लोकांची श्रद्धा आहे. अंबाजोगाईकरांचे म्हणणे वेगळे, आणि त्या वादात मी कधी पडलो नाही. 1979 साली महाशिवरात्रीला तिथल्या यात्रेत माझे कीर्तन झाले. मी तिशीतला होतो, आळंदीहून शिकून आलो त्याला सहा-सात वर्षे झाली होती. बिदागी म्हणून एका ढिवर बाईने सात-आठ कवठे पदरातून काढून झोळीत टाकली. पैशांपेक्षा ती जड होती. लाखनीकडच्या आमच्या गावी येईपर्यंत खांदा दुखला.

घरी आमच्या मंडळींनी त्यांची चटणी केली. गर काढून चाळणीवर घासला, बियांचा चिकटा राखेने धुतला आणि बिया एका फुटक्या पितळी गुंडात मातीत टाकल्या. भंडारा हे पितळेचे गाव. आमच्याकडे पितळ फुटले तरी कोणी फेकत नाही. दोन-तीन आठवड्यांत पाच-सहा रोपे वर आली. पुढे बकरीने काही खाल्ली, काही आपोआप गेली. एक उरले.

चटणी घरात सर्वांनी खाल्ली, मी खाल्ली नाही. हे जरा उलगडून सांगायला हवे.

आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत होतो तेव्हा एका वडीलधाऱ्या गायकबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "तुझा गळा देवाची ठेव आहे. दही, चिंच, लोणचे यांना शिवू नकोस." मी ते गुरुवाक्य मानले. त्या दिवसापासून पन्नास वर्षे आंबट वर्ज्य. लग्नाच्या पंगतीत कढी आली की मी वाटीवर हात धरायचो. आमच्याकडे उन्हाळ्यात कैरीचे पन्हे घरोघरी होते, ते मी घेतले नाही. लोकांमध्ये याची मोठी वाखाणणी व्हायची. सप्ताहाच्या गावी स्वयंपाकघरात आधीच निरोप जाई, "महाराजांची जीभ जिंकलेली आहे, आंबट चालत नाही." मी ते ऐकायचो आणि मान खाली घालायचो. मान खाली घालण्यातही एक ऐट असते, हे ज्यांनी घातली आहे त्यांनाच कळेल.

नाथबाबांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये मासा आहे. गळाच्या आमिषाने जीव गमावतो म्हणून तो गुरू. जीभ जिंकली नाही तोवर बाकी इंद्रिये जिंकल्याचा उपयोग नाही, असा तिथला सिद्धांत. या विषयावर मी किती कीर्तने केली असतील त्याचा हिशेब नाही. पुढे बसलेल्या आयाबायांच्या नजरेत तेव्हा दृष्टांत मासा नसायचा, मी असायचो. आणि मला ते आवडायचे.

आता झाडाकडे येतो.

कवठाची वाढ फार मंद. बीचे झाड फळाला यायला पंधरा वर्षेही घेते. पहिली काही वर्षे तर ते झुडूपच वाटते. त्यावर लिंबावर येते तीच फुलपाखराची अळी येते. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून नजर चुकवते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचले तर डोक्यातून तांबूस शिंगे काढून उग्र वास सोडते. चार अळ्या दोन दिवसांत रोपाचा खराटा करतात. आमच्या मंडळी रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की रोपाजवळ जायच्या आणि एकेक अळी काडीने उचलून दूर पळसाखाली सोडायच्या. मी एकदा म्हणालो, "पायाखाली घाला की." त्या म्हणाल्या, "तुमीच सांगता ना जी, मुंगीतही तोच आहे म्हणून." मी निरुत्तर. माझी कीर्तने त्या घरी पाळत होत्या आणि मी बाहेर सांगत होतो.

आमच्या जिल्ह्यात पाऊस भरपूर, 1300 मिलिमीटरच्या आसपास. जमीन धानाची, पाणी धरून ठेवणारी. कवठाला नेमके तेच सोसत नाही. त्याला मुरमाड बरड हवी, पाण्याचा निचरा हवा. एकदा रुजले की उन्हाळा कोरडा गेला तरी त्याची तक्रार नसते. हे त्यांना कोणी शिकवले माहीत नाही. बैलगाडीने बरडीवरचा मुरूम आणवून त्यांनी परसाच्या कोपऱ्यात हातभर उंच ओटा केला आणि रोप त्यावर लावले. मी तेव्हा कार्तिकीला पंढरपुरात होतो.

मी नेहमीच कुठेतरी असायचो. आषाढी, कार्तिकी, माघी, मधले सप्ताह, काल्याची कीर्तने. अरणच्या सावतोबांचे चरित्र मी गावोगाव रंगवले. ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले आणि देव त्यांच्याकडे आला, हा प्रसंग आला की मंडप हुंदके द्यायचा. माझ्या घरातली बाई सासू-सासरे, दोन म्हशी, चार एकर धान आणि एक काटेरी झाड सोडून पंढरीला जाऊ शकत नव्हती. हा सांधा मात्र माझ्या लक्षात कधी आला नाही.

बाराव्या वर्षी मी ते झाड तोडायचे ठरवले. सप्ताहाचे टाळकरी उतरायला परसात टिनाचे छप्पर घालायचे होते आणि कोपरा अडत होता. बारा वर्षे झाली, फुलाचा पत्ता नाही, वर अंगाला काटे. माणूस कुऱ्हाड घेऊन आला. मंडळी चुलीपासून उठून आल्या, ओट्यावर बसल्या आणि तिथेच तांदूळ निवडायला लागल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "घाई तुमाले आहे जी, त्याले नाही." तो माणूस बराच वेळ उभा राहिला आणि चहा पिऊन गेला. छप्पर दुसऱ्या बाजूला झाले.

1995 च्या उन्हाळ्यात झाडाला पहिल्यांदा बारीक मळकट फुले आली. फळ तयार व्हायला दहा-अकरा महिने लागतात. पुढच्या शिवरात्रीला अकरा कवठे निघाली. नंतर हंगामाला शे-दीडशे येऊ लागली. गावातल्या प्रत्येक घरी दोन-दोन जायची. लोक म्हणू लागले, "महाराजांचे कवठ." मी ते नाव दुरुस्त केले नाही.

त्या वर्षापासून दर महाशिवरात्रीला मी घरी जेवायला असलो की माझ्या ताटाच्या कडेला चटणीचे एक बोट असायचे. गूळ, जिरे, तिखट आणि शेंदेलोण घालून केलेली. मी ते न बोलता ताटाबाहेर सारायचो आणि त्या न बोलता उचलून न्यायच्या. मला आंबट चालत नाही हे त्यांना माहीत नव्हते असे नाही, साऱ्या जिल्ह्याला माहीत होते. तरी त्या वाढत राहिल्या. का वाढता, हे मी कधी विचारले नाही.

2019 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. सहा महिन्यांत माझा आवाज बसला. काढे झाले, ज्येष्ठमध झाला. शेवटी नागपूरला घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले. मी आधीच सांगून टाकले, "आंबटाला आयुष्यात शिवलो नाही." ते हसले नाहीत, पण मला विचारले, "जेवता कधी?" कीर्तन संपल्यावर, रात्री बारा, कधी एक वाजता, आणि जेवलो की पाठ टेकायची, कारण पहाटे काकडा. ते म्हणाले, "मग पोटातले आम्ल रात्रभर घशाशी येत राहिले. त्यात ओढून बोलण्याचा ताण. इतकी वर्षे गळा टिकला हेच नवल." बसमध्ये बसून भंडाऱ्याला येईपर्यंत मी त्याच वाक्यावर होतो. बाहेरचे आंबट पन्नास वर्षे दारात अडवले. खरे आंबट आतूनच येत होते.

मग 2020 साल आले. त्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपुरी गेल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी आषाढी घरी पाहिली. आवाज नाही, वारी नाही, घरात माणूस नाही. मुलगा-सून होते, पण वाचकांपैकी ज्यांचा जोडीदार गेला आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. मी झाडाची सेवा सुरू केली. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. उन्हाळाभर घातल्या, पाऊस सुरू झाला तरी नेम मोडला नाही, कारण नेम मोडायचा नसतो हेच शिकलो होतो. शेणखत आणून बुंध्याशी ढीग घातला. ओट्याला पाणी धरावे म्हणून कडेने मातीचा बांध घातला. त्याच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. आमचे गाव नदीपासून लांब, पण जमिनीत पाणी मावत नव्हते.

भाद्रपदात पाने पिवळी पडली. फळे सुपारीएवढी होऊन गळू लागली. बुंध्याशी साल तडकून डिंक वाहू लागला. कवठाला थोडा डिंक येतोच, तो चांगला असतो, जुन्या काळी शाईतही घालत. पण हा डिंक काळपट होता आणि त्याखालची साल बोटाने दाबली तर कुजकी लागत होती. संत्र्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत ते डिंक्या म्हणजे काय ते जाणतात. तोच, त्याच कुळातल्या झाडाला.

मी घाबरलो आणि आणखी एक बादली वाढवली.

सुनेने हात धरला. ती रामटेकजवळच्या संत्रेवाल्यांची मुलगी. माझ्याशी ती कधी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मामाजी, तुम्ही त्याला बुडवून मारून राहिले. सासूबाई पाणी घालतच नव्हत्या, पहिल्या तीन वर्षांनंतर कधीच नाही." मला हे ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे ज्या झाडाखालून गेलो त्याला पाणी लागते की नाही हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बांध फोडला. बुंध्याचे खत ओढून दूर केले, मुळांचा वरचा जोड उघडा केला. परसाच्या उतारावर गुडघाभर खोल चर काढून पाणी रस्त्याकडे लावले. कुजलेली साल धारदार विळ्याने चांगली साल लागेपर्यंत खरवडली आणि बोर्डो मलम लावले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडाच्या भांड्यात नाही, आणि मग एकत्र करायचे. पाऊस संपल्यावर पुन्हा एक हात दिला. वाळलेल्या फांद्या करवतीने काढल्या. नंतर सगळ्यात अवघड काम होते, ते म्हणजे काही न करणे. सकाळी बादली हातात घेऊन मी चार-सहा दिवस ओट्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. हात मोकळा राहिला की आठवण येते, माउली. शेवटी बादली सुनेने लपवली.

झाड वाचले. एका बाजूची मोठी फांदी गेली, बाकी पालवले.

त्या सालच्या शिवरात्रीला झाडावर सात फळे होती. सुनेने चटणी केली आणि माझ्या ताटाच्या कडेला एक बोट वाढले. तिला कोणी सांगितले नव्हते. सासूला वाढताना पाहिले होते एवढेच. मी ते उचलून तोंडात घातले. बहात्तराव्या वर्षी. आधी गूळ लागला, मग जिरे, मग जबड्याच्या कोपऱ्यात असे काही शिरले की डोळ्यांत पाणी आले. नातवाने विचारले, "आबाजी, तिखट लागलं का?" मी हो म्हणालो.

जेवणानंतर सुनेला विचारले, "त्या मला दरवर्षी का वाढायच्या?" ती म्हणाली, "मी पण विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, बुवा बनले ते लोकांसाठी. घरी कधीतरी नुसता माणूस जेवायला बसला, तर ताटात असू द्यावं."

यावर मी काही लिहू शकत नाही. पुढे जातो.

एक दृष्टांत मी फार वापरायचो. संस्कृतात गजभुक्तकपित्थ असा न्याय आहे. हत्तीने गिळलेले कवठ बाहेर पडते ते कवचाने अखंड दिसते, पण आत गर नसतो. नामाशिवायचे जीवन तसे, असे मी सांगायचो. एका गावी कीर्तनानंतर एक म्हातारा शेतकरी पाया पडून म्हणाला, "महाराज, हत्तीले कवठ खातानी तुमी पाह्यलं का जी?" मंडळी हसली. मी म्हणालो, शास्त्र आहे. त्याचे समाधान झाले नाही, माझेही नाही. आमचे एक शास्त्रीबुवा तर म्हणायचे की गज म्हणजे हत्ती नव्हेच, फळ पोखरणारी कीड. ते मला आता जास्त पटते. कारण अशी अळी कवठात असते आणि मी ती पाहिली आहे. बाहेरून फळ ठणठणीत, उचलले की हलके लागते, फोडले की आत भुसा. ते हाताला हलके लागते ही खूण कोणत्याही पोथीत मला मिळाली नव्हती.

गंमत म्हणजे 2022 च्या हिवाळ्यात खरेच रानहत्तींचा कळप गडचिरोली-गोंदियाकडून आमच्या साकोली-लाखनी भागात आला. धानाची नासाडी झाली, लोक रात्री जागले. मी मनातून वाट पाहत होतो की एखादा हत्ती परसात येईल आणि न्यायाचा निकाल लागेल. सुनेला हे सांगितले तर तिने रात्री फाटकाला दोन कड्या लावल्या. हत्ती आले नाहीत.

माझी नात नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉटिंगहॅमला आहे. तिने मागे फोनवर सांगितले की तिथे घरामागे आंबट सफरचंदाची झाडे असतात. ती फळे कोणी नुसती खात नाही, साखर घालून शिजवतात. "आबाजी, आपलं कवठच समजा." त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या जातीचे मूळ झाड तिच्यापासून जवळच साउथवेल गावी आहे. 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने परसात बिया लावल्या, त्यातून ते उगवले. 1846 मध्ये ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतले. पुढे एका रोपवाल्याने कलमे मागितली तेव्हा ब्रॅमलीने अट घातली की फळाला माझे नाव हवे. आज सारे जग त्याला ब्रॅमलीचे सफरचंद म्हणते. बी लावणारी मुलगी नाव पडण्याआधीच वारली होती.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. त्या खाटकाने निदान अट घालून नाव घेतले. मी नुसता गप्प राहून घेतले होते. आता कोणी "महाराजांचे कवठ" म्हटले की मी मंडळींचे नाव सांगतो. नवीन पिढीला ते नीट लक्षात राहत नाही. मी पुन्हा सांगतो.

आता शिवरात्र जवळ आली आहे. काल नातवाला घेऊन फळे उतरवली. ती धानाच्या तणसात पंधरा दिवस ठेवायची. पिकले की नाही ते पाहायची एक रीत आहे: वीतभर उंचीवरून फरशीवर टाकायचे. कच्चे असेल तर उसळते, पिकले असेल तर पडते तिथेच बसते. आज नातवाने एकेक टाकून पाहिले. पहिले उसळले, दुसरे उसळले. तिसरे टप्पा घेऊन थेट माझ्या पायाशी आले. तो म्हणाला, "आबाजी, अजून नाही." आम्ही ती सगळी पुन्हा तणसात घातली.